वर म्हणजे उत्तर

तांडेलाच्या पोराला बोट लागते, हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघा. सोनाराच्या पोराला पिवळा रंग दिसत नाही, किंवा वैद्याच्या पोराला काढ्याच्या वासाने घेरी येते, असं काहीतरी म्हटल्यासारखं वाटतं. माझ्या बाबतीत ते खरं होतं. माझे बाबा पूर्णगडचे नावाजलेले तांडेल. स्वतःचं गलबत, हाताखाली सात खलाशी. मंगळूरची कौलं आणि मालवणचे नारळ मुंबईला पोचवण्यात त्यांची हयात गेली. त्यांचा एकुलता एक मुलगा मी. आणि मला भाट्याच्या खाडीवरच्या तरीत बसलं तरी डोळे मिटून घ्यावे लागत. पलीकडच्या काठावर पाय टेकले की मी डोळे उघडत असे आणि बरोबरच्या मुलांना सांगत असे, "आम्हा दर्यावर्दी लोकांना तरीत झोपच येते."

तेराव्या वर्षी बाबांनी मला इंग्रजी शाळेत घालायला रत्नागिरीला नेलं ते गलबतातूनच. पहाटे आईने बांगड्याचं तिखलं आणि भात पोटभर वाढला होता. खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो, पहिली मोठी लाट खालून गेली, आणि पुढे काय होणार ते मला कळलं. कडेपर्यंत पोचायला वेळ नव्हता. डोलकाठीच्या बुडाशी त्याच मोसमासाठी शिवून आणलेलं कोरं शीड घडी घालून ठेवलं होतं. त्या शिडावर मी माझी सकाळ अर्पण केली. सुदैवाने खलाशी पुढे दोऱ्या ओढत होते आणि बाबा सुकाणूवर, मागे वळून खाडीचं तोंड बघत. तिथेच पेजेचं मडकं होतं. ते मी पायाने कलंडवलं आणि कपाळावर हात मारून ओरडलो, "अरे देवा, पेज सांडली!" आवाजात असा काही कंप आणला म्हणता की एका खलाशाने माझीच समजूत घातली. बाबा आले. त्यांनी शिडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "असू दे" म्हणाले आणि समुद्रात बादली सोडली. आयुष्यात पुढे नाटकांतून पुष्कळ कामं केली, टाळ्याही घेतल्या. पण तो प्रवेश माझा सर्वांत सरस, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

रत्नागिरीत मी आतेकडे राहायचो. तिचं घर मांडवीला, समुद्राच्या इतकं जवळ की खिडकीत वाळत घातलेला सदरा खारट व्हायचा. तिचे यजमान बड्या बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी येत. त्यामुळे घरात आते, मी आणि एक म्हातारी मांजर. मुंबईची आगबोट लांब उभी राहून भोंगा द्यायची, मग बंदरावर पडाववाल्यांची आरडाओरड सुरू व्हायची, कुणाची वळकटी पाण्यात पडायची, कुणाचं पोर भलत्याच पडावात चढायचं. आते या सगळ्याकडे पाठ करून पाट्यावर वाटण वाटत बसलेली असायची. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेलं सुकट, दुपारी तांदळाची भाकरी आणि जे काही मिळालं असेल त्या मासळीचं सार. त्या पाट्याशेजारी बसून मी इंग्लंडचा इतिहास पाठ केला. वरवंटा पुढे गेला की एक राजा, मागे आला की त्याचं साल. ताल इतका पक्का बसला होता की आतेने मध्येच थांबून पाणी घातलं की गादीवरचा राजा सुद्धा थांबायचा.

इतिहास मी तिला करूनही दाखवत असे. चुलीवरची पळी हा राजदंड, डोकीवर रोवळी हा मुकुट. सहा बायका करणाऱ्या राजाचा प्रवेश तिला फार आवडे. म्हणजे राग येई, पण पुन्हा करायला लावी.

"सहा? आणि त्यातल्या दोघींची मुंडकी उडवलान?"

"होय आते."

"मग मेल्याला जेवायला कोण वाढीत होतं?"

याचं उत्तर आमच्या पुस्तकात नव्हतं. आजही कुठल्या पुस्तकात मला ते सापडलेलं नाही, आणि मला वाटतं इतिहासकारांना विचारण्यासारखा हा एकच खरा प्रश्न आहे. सनावळीवर तर तिचा मुळीच विश्वास नव्हता. तिचा काळ प्लेगाच्या आधीचा आणि प्लेगाच्या नंतरचा, एवढाच. कुठलाही राजा सांगितला की ती विचारी, "हा प्लेगाच्या आधीचा काय रे?" मी होय म्हटलं की तिचं समाधान होई.

हे सगळं ठीक होतं; पण परीक्षेच्या खोलीत पाटा नव्हता. इंग्रजी सहावीच्या वार्षिक परीक्षेत मी चौथ्या राजापर्यंत आलो आणि वरवंट्याचा आवाज येईना. कागदावर इंग्लंडची गादी तशीच रिकामी ठेवून मी उठलो. भूगोलात काय झालं ते सांगत नाही, कारण त्याहून वाईट मी दुसऱ्या वर्षी करून दाखवलं आणि तीच या प्रकरणाची गोष्ट आहे. मी नापास झालो. पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर ओढून शाकारलेलं होतं, बाबा घरी होते. जाळं विणता विणता, मान वर न करता त्यांनी निकाल दिला.

"औंदा पास झालास तर पुढं मॅट्रिक. नाय तर पुढच्या नारळीपुनवेला गलबतावर. दोनातलं एक."

लोकांना वाटेल, मला शिक्षणाची ओढ होती. छे हो. मला फक्त जमिनीची ओढ होती. पास व्हायचं ते ज्ञानासाठी नव्हे, पोटासाठी. आणि तेही पोटात गेलेलं पोटातच राहावं म्हणून.

आम्हाला इतिहास आणि भूगोल दोन्ही विषय शिकवायला होते सासवडकर मास्तर. नावाप्रमाणेच गाव. देशावरचा खणखणीत आवाज, डोक्याला करकरीत पगडी, आणि आमच्या हेल काढून बोलण्याचा मनापासून तिटकारा. "गाता कसले? बोला!" हे त्यांचं दिवसातून दहा वेळा. सातही समुद्र त्यांना तोंडपाठ होते, प्रवाह कुठून कुठे जातात ते डोळे मिटून सांगत. मात्र मांडवीच्या वाळूत ओल लागेल इतकं पुढे जाताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. तांडेलाचा मुलगा म्हणून माझ्याविषयी त्यांना आधी थोडा आदर होता. भरती-ओहोटीचा धडा आला की ते म्हणत, "याला विचारा, याच्या रक्तात आहे." मीही उभा राहून रक्तातलं काहीबाही सांगत असे. हा आदर एका शब्दाने संपला. तो शब्द म्हणजे 'वर'.

आता आमच्याकडे वर म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. वर म्हणजे घाट. कोल्हापूरला निघालेला माणूस वर जातो, तिथून परतलेला खाली उतरतो. उगवतीकडे वर, समुद्राकडे खाली. घरातलं सांडपाणी, बैलगाडी, माणूस, सगळं याच हिशेबाने चालतं. त्यामुळे त्या वर्षी पुण्याहून शाळा तपासायला एक साहेब आले आणि आमच्या वर्गात शिरून त्यांनी "तुमचे शिक्षक कुठे आहेत?" असं विचारलं, तेव्हा भावाच्या घरच्या मुंजीला गेलेल्या सासवडकर मास्तरांविषयी मी तत्परतेने उठून खरं तेच सांगितलं.

"वर गेले, साहेब."

साहेब एकदम गंभीर झाले. "अरेरे. केव्हा?"

"शनिवारी सकाळी."

"आणि कशाने?"

"सर्व्हिस मोटारीने, साहेब."

"मोटारीने! कुठे झालं हे?"

मला प्रश्न नीटसा कळला नाही, पण गप्प राहणं माझ्या स्वभावात नव्हतं. "आंबा घाटात, साहेब. सगळे तिथूनच जातात."

"आणि घरची मंडळी?"

"तीही बरोबरच गेली. दोन मुलं आणि एक ट्रंक."

साहेबांनी टोपी काढली. आम्हाला उभं केलं आणि दोन मिनिटं स्तब्ध राहायला सांगितलं. आम्ही राहिलो, तपासणीत असलं काहीतरी असेल असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात हेडमास्तर आत आले आणि दारातच थबकून हळूच विचारू लागले, "कोण गेलं?"

मास्तर पुढच्या सोमवारी मुंजीचे लाडू घेऊन खाली उतरले ते स्वतःच्या दुखवट्याची हकीकत ऐकायला. लाडू वर्गात वाटले गेले नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी उभं केलं, छडीने नकाशाच्या वरच्या काठावर टोला मारला आणि म्हणाले, "आजपासून या वर्गात वर म्हणजे उत्तर! वर घाट नाही, वर स्वर्ग नाही. काय? वर म्हणजे काय?"

"उत्तर!" सगळा वर्ग ओरडला.

पुढचे चार महिने प्रत्येक तासाची सुरुवात या गजराने झाली. कुठलाही नकाशा काढला की आधी वर बाण, बाणाच्या टोकाला 'उ'. बाण नसेल तर छडी. मी झोपेतही बाण काढू लागलो. आतेने एकदा भाकरीच्या पिठात बोटाने काढलेला बाण पाहिला आणि माझी दृष्ट काढली.

वार्षिक परीक्षा आली. इतिहासाच्या वेळी मी बाकावर बोटांनी वरवंट्याचा ताल धरला. पर्यवेक्षकांनी दोनदा दटावलं, पण राजे रांगेने येऊन बसले. दुसऱ्या दिवशी भूगोल. आणि शेवटचा, सर्वांत जास्त गुणांचा प्रश्न वाचून माझा आनंद गगनात मावेना: रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा आठवणीने काढून त्यात बंदरे, खाड्या व घाट दाखवा. अहो, हा तर माझ्या घरातला प्रश्न! लहानपणापासून पावसाळ्याच्या संध्याकाळी बाबा सारवलेल्या जमिनीवर ओल्या बोटाने किनारा काढत आणि खलाशांशी वाद घालत, कुठल्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते, कुठला खडक ओहोटीला डोकं काढतो. तो किनारा माझ्या डोळ्यांपुढे होता. मी काढू लागलो आणि काढतच गेलो. डाव्या हाताला बाणकोट, मग दाभोळ, जयगड, मधोमध रत्नागिरी, आमचं पूर्णगड जरा मोठ्या अक्षरांत, मग विजयदुर्ग, मालवण, आणि उजव्या टोकाला वेंगुर्लं. वर सह्याद्रीची रांग, खाली समुद्र. त्यात खडक, वाळूचे पट्टे, आणि शोभेला एक शिडाचं गलबत. शेजारच्या मुलाने डोकावून पाहिलं आणि हाय खाल्ली. शेवटी सवयीने, चार महिन्यांच्या छडीला स्मरून, वर एक झोकदार बाण काढला आणि टोकाला 'उ' लिहिला.

वाचकांपैकी जे घाटावरचे आहेत ते एव्हाना हसत असतील. जे कोकणातले आहेत त्यांनी नकाशा पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावा.

मला भूगोलात भोपळ्याच्या जवळपासचं काहीतरी मिळालं. सासवडकर मास्तरांनी माझा कागद साऱ्या वर्गासमोर धरला. "पाहा! या विद्वानाने समुद्र दक्षिणेला नेला आणि कोल्हापूर उत्तरेला. या नकाशावरून मुंबईला निघालेला माणूस अरबस्तानात उतरेल, आणि कोल्हापूरला निघालेला मुंबईत!" वर्ग हसला. मीही हसलो, कारण इतक्या लोकांत एकट्यानेच न हसणं बरं दिसत नाही. पण घरी आल्यावर पेज मी मांजरीपुढे सरकवली. मला समोर नारळीपुनव दिसत होती, आणि डोलकाठीच्या बुडाशी घडी घातलेलं शीड.

त्याच आठवड्यात बाबांचं गलबत मुंबईहून परतताना रत्नागिरीला लागलं. आतेने त्यांना निकाल सांगितला. माझ्यात ते धैर्य नव्हतं. मी मांजरीला घेऊन मागीलदारी बसलो होतो. बाबा म्हणाले, "चल, मास्तरास्नी भेटू." आते मास्तरांसाठी सुकी सुरमई बांधू लागली, ती मी हातापाया पडून सोडवली आणि दोन शहाळी घेतली.

मास्तरांनी शहाळी बाजूला ठेवली आणि माझा कागद टेबलावर पसरला. "इतिहासात काठावर आला आहे. पण हे पाहा. तांडेल, तुमच्या मुलाला आपलं गाव कुठे आहे तेही माहीत नाही."

बाबांना अक्षरओळख नव्हती. ते टेबलावर वाकले. त्यांचं काळं, दोरीने चिरलेलं बोट कागदाच्या डाव्या कडेला टेकलं आणि हळूहळू सरकू लागलं. "हा बाणकोट... हा दाभोळ... जयगड. तोंडाशी वाळू हाय ती पण दाखवलान. ही रत्नांग्री. आणि हे आमचं." बोट क्षणभर थांबलं, पुढे गेलं. "विजयदुर्गाच्या बाहेरचा खडक विसरलान. बाकी हाय सगळं."

मास्तरांनी चष्मा काढला. "तुम्हाला वाचता येतं?"

"नाय. पण किनारा येतो."

मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी कागदाचा एक कोपरा चिमटीत धरला आणि तो सावकाश उजवीकडे पाव वळसा फिरवला. समुद्र जाऊन पश्चिमेला बसला. घाट पूर्वेला उभा राहिला. बाणकोट उत्तरेला गेलं, वेंगुर्लं दक्षिणेला. एकटा माझा झोकदार बाण तेवढा उगवतीकडे तोंड करून वेड्यासारखा राहिला. मास्तरांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं, जे चार महिन्यांत मी पाहिलं नव्हतं. ते पुटपुटले, "म्हणजे हा समुद्रातून पाहतो आहे." आणि मग, जरा घसा साफ करून, "तांडेल, तसं पाहिलं तर एवढा बाण सोडल्यास... मी हेडमास्तरांशी बोलून पाहतो. वर चढवता येईल याला."

वर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो! मी नमस्कारासाठी वाकलोसुद्धा होतो, इतक्यात बाबांचा आवाज आला.

"नको, मास्तरानू."

"नको?"

"ह्यो बाण कसला म्हणालात?"

"उत्तर दिशेचा."

"मग चूक ती चूक. चढवू नका." बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी वाकलेला तसाच राहिलो. मास्तरांचे पाय तेवढे दिसत होते. आता पुढचं वाक्य गलबताचं, हे मला ठाऊक होतं. बाबा म्हणाले, "पण ज्याला उत्तर घाटावर दिसते, त्याच्या भरवशावर मी सात माणसं दर्यावर घालायची काय? माझ्या गलबतावर ह्याला जागा नाय. तुमच्याकडेच ठेवा. उत्तर सापडेपर्यंत."

मास्तर दचकून उठले. "म्हणजे हा पुन्हा माझ्याच वर्गात?"

"काय करणार, मास्तरानू. दोघांचं नशीब."

अशा रीतीने मी सलग तिसऱ्या वर्षी इंग्रजी सहावीत बसलो. भूगोलातही नापास आणि गलबतावरही नापास झालेला रत्नागिरीतला मी बहुधा पहिलाच. उंच झाल्यामुळे मास्तरांनी मला मागच्या बाकावर टाकलं, आणि एक दिवस तास संपल्यावर थांबवून घेऊन, कुणी ऐकत नाही असं पाहून, विचारलं, "त्या विजयदुर्गाच्या बाहेर खडक नेमका कुठे आहे रे?" त्या वर्षी मी पास झालो. पुढे मॅट्रिक झालो, आणि आज गेली वीस वर्षं मी स्वतःच पोरांना भूगोल शिकवतो आहे, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. पोरांचे नकाशे तपासताना मी कुठलाही कागद शून्य देण्याआधी चारी बाजूंनी फिरवून बघतो. बायको म्हणते, हे नकाशे तपासत नाहीत, भाकऱ्या भाजतात.

बाबांनी पुढे गलबत माझ्या चुलतभावाला दिलं. एका माणसाने आयुष्यभर हाकलेली वस्तू आपल्या मुलाच्या हाती देता येऊ नये, याचं त्यांना काय वाटलं असेल, ते मी कधी विचारलं नाही. पण अखेरच्या वर्षी ते पूर्णगडच्या पडवीत खाटेवर पडून समुद्राकडे बघत असायचे, तेव्हा एकदा मला राहवलं नाही.

"बाबा, तेव्हा तुम्ही मला गलबतावर घेतलं नाहीत, ते खरंच त्या बाणासाठी?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "बाणाचं काय रे. होका होता की गलबतावर, उत्तर दाखवायला. आठ दिवसांत शिकला असतास."

"मग?"

"त्या कोऱ्या शिडाला तीनदा धुतलं मी." त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "एक सांग मला. पेजेत बांगडा कधीपासून घालायला लागली तुझी आवस?"